शेरा खरा आहे, पण कुणाकुणावर?

"ताई, मार्कशीटवर लिहून येतं का गं?"

माझा धाकटा भाऊ दहावीत होता तेव्हाची गोष्ट. त्याला डिस्लेक्सिया आहे. आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही, आम्ही नुसतं 'एलडी' म्हणतो. एलडीचा दाखला मिळवायला आईने सरकारी रुग्णालयात किती खेपा घातल्या, त्याचा हिशोब तिनेही ठेवलेला नाही. त्या दाखल्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळणार होता आणि स्पेलिंगच्या, शुद्धलेखनाच्या चुका धरल्या जाणार नव्हत्या. आईला वाटलं, सुटलो. भावाला मात्र एकच प्रश्न पडला होता: हे कागदावर दिसेल का?

मी त्याच्या शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारलं. क्लार्ककाका फॉर्मवरून नजर न काढता म्हणाले, "असेल काहीतरी बारीक चिन्हबिन्ह. कोण बघतंय?"

भावाने जादा वेळ घेतला, शुद्धलेखनाची सवलत मात्र नको म्हणाला. मराठीत आणि इंग्रजीत त्याचे मार्क गेले. आई चिडली. मीही चिडले. इतकी मेहनत करून मिळालेला हक्क हा मुलगा एका न दिसणाऱ्या चिन्हाच्या भीतीने सोडतो म्हणजे काय!

पुढे मला नोकरी लागली आणि "कोण बघतंय?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी बघते. एका कंपनीच्या भरती विभागात अर्ज चाळणं हे माझं काम आहे.

*

'शेरा' हा शब्द आपल्याला पहिलीपासून माहीत असतो. प्रगतीपुस्तकातला शेरा, वहीतला लाल शाईचा शेरा, फाइलीवरचा साहेबांचा शेरा. आपण शेरा 'लिहितो' असं फारसं म्हणत नाही, शेरा 'मारतो' म्हणतो. क्रियापदातच सगळं आलं.

पण सगळेच शेरे लागत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. त्यात बहुतेकांच्या नावापुढे 'चांगली' असतं. वर्गात बाक मोडणाऱ्याचीही चांगली आणि कधीच न बोलणाऱ्याचीही चांगली. त्यामुळे तो रकाना कुणी वाचत नाही. एखाद्याच्या दाखल्यावर तिथे दुसरं काही असेल, तर मात्र पहिल्यांदा तेच वाचलं जाईल. शब्द कोणता आहे याइतकंच तो बाकीच्यांच्या दाखल्यावर नाही, यालाही महत्त्व असतं.

हे मला नीट कळलं ते जर्मनीतल्या एका खटल्यामुळे.

बव्हेरिया राज्यातल्या तीन विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये 'आबिटूर' दिली. आबिटूर म्हणजे तिकडची बारावी. ती पास झाली की विद्यापीठाचं दार उघडतं. तिघांनाही डिस्लेक्सिया होता आणि तिघांनीही शुद्धलेखनाचे गुण धरू नयेत ही सवलत घेतली होती. प्रमाणपत्र हातात आलं, तर त्यावर छापलेलं: तज्ज्ञ डॉक्टरांनी निदान केलेल्या डिस्लेक्सियामुळे शुद्धलेखन तपासलेलं नाही.

तिघेही न्यायालयात गेले. एकेक पायरी चढत प्रकरण जर्मनीच्या घटना न्यायालयात पोचलं आणि निकाल लागला २२ नोव्हेंबर २०२३ रोजी. शाळा सुटून तेरा वर्षं झाली होती. विशीच्या आत घातलेला प्रश्न, उत्तर तिशीच्या आसपास.

निकालाची बातमी वाचायला घेतली तेव्हा मला वाटलं होतं, न्यायालय म्हणेल की असे शेरे मारणं चूक आहे. तसं झालं नाही. न्यायालयाने म्हटलं की शेऱ्यामुळे या विद्यार्थ्यांचं नुकसान होतं हे खरं, पण असा शेरा मुळातच घटनाबाह्य नाही. उलट, प्रमाणपत्रात जे मोजल्याचं गृहीत धरलं जातं ते मोजलंच नसेल, तर तसं सांगणं तत्त्वतः आवश्यकही आहे. कारण त्याच कागदाच्या जोरावर बाकीची मुलंही जागेसाठी रांगेत उभी असतात.

मग ते तिघं जिंकले कसे? तेव्हाच्या बव्हेरियात शेरा फक्त डिस्लेक्सियावाल्यांच्या प्रमाणपत्रावर छापला जात होता. दुसऱ्या अपंगत्वामुळे ज्यांचा काही भाग तपासला गेला नव्हता, त्यांच्या कागदावर काही नाही. काही विषयांत शिक्षकांनी स्वतःच्या अखत्यारीत शुद्धलेखन धरलं नव्हतं, तिथेही काही नाही. म्हणजे शुद्धलेखन न तपासलेली प्रमाणपत्रं बरीच आणि शेरा मोजक्यांवर. न्यायालयाच्या मते हा भेदभाव होता. अपंगत्वामुळे कुणाचंही नुकसान होता कामा नये, असं जर्मन राज्यघटनेचं तिसरं कलम सांगतं.

मी या मुद्द्यावर बरेच दिवस अडकून होते. शेऱ्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी अन्याय होता. खरं बोलूनही अन्याय करता येतो, फक्त ते निवडक लोकांबद्दल बोलावं लागतं.

*

पण शेऱ्याच्या बाजूने जे बोलता येतं, तेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. 'शेरा म्हणजे कलंक, काढून टाका' असं म्हणणं सोपं आहे. मी स्वतः अर्ज चाळते. प्रूफरीडरच्या जागेसाठी माणूस हवा असेल आणि प्रमाणपत्र म्हणत असेल की भाषेत पंच्याऐंशी, तर त्या पंच्याऐंशीत शुद्धलेखन आहे का, हे विचारायचा हक्क मला आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलालाही आहे, ज्याचे ऱ्हस्वदीर्घात आठ मार्क गेले.

शिवाय कागदावरची प्रत्येक अट अपमान नसते. युरोपात वाहन परवान्यावर '०१' असा संकेत असतो. त्याचा अर्थ, या माणसाने गाडी चालवताना चष्मा किंवा लेन्स लावायची. त्या संकेतामुळे कुणाची मान खाली जात नाही. ज्याला चष्मा लागतो त्या प्रत्येकाला तो लागू आहे, त्याचा संबंध थेट गाडी चालवण्याशी आहे आणि वाचणाऱ्याला पुढे काही अंदाज बांधावा लागत नाही. चष्मा लावा, गाडी चालवा, विषय संपला.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतलं. तिथे दोन्ही हात नसलेल्या एका तरुणाने १९९८ मध्ये मॅनेजमेंटच्या प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा दिली. त्याला जादा वेळ मिळाला होता. निकाल आला तो 'विशेष परिस्थितीत मिळवलेले गुण' अशा अर्थाच्या टिपेसह. परीक्षा घेणाऱ्या संस्थेवर त्याने दावा लावला. २००१ मध्ये तडजोड झाली आणि जीमॅट, जीआरई, टोफेल या परीक्षांच्या निकालांवर जादा वेळेबद्दल अशी खूण करणं बंद करायचं ठरलं. पाठोपाठ एसएटीनेही २००३ पासून ही पद्धत सोडली. कायद्याच्या प्रवेशाची एलसॅट मात्र खूण करत राहिली. तिलाही २०१४ मध्ये न्यायालयीन तडजोडीत ती थांबवावी लागली.

'विशेष परिस्थिती' म्हणजे काय, हे त्या टिपेतून कळत नाही. आजार? अपघात? मेंदूचं काही? पुढचं सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात घडतं. '०१' वाचून माणूस चष्मा शोधतो. 'विशेष परिस्थिती' वाचून संशय घेतो.

या दोन खटल्यांत आणखी एक फरक आहे. हात नसलेल्या मुलाला प्रश्न तेच होते, तपासणी तीच होती, फक्त घड्याळ वेगळं होतं. बव्हेरियातल्या तिघांच्या बाबतीत मात्र तपासणीतला एक तुकडाच वगळला होता. जर्मनीतही साधा जादा वेळ दिला तर प्रमाणपत्रावर त्याची नोंद होत नाही. उंच फळीवरची बरणी काढायला स्टूल घेणं वेगळं आणि बरणीच खाली आणून ठेवणं वेगळं. दोन्ही मदतीच आहेत, पण 'फळीपर्यंत हात पोचतो का?' याचं उत्तर दोन्हींतून सारखं मिळत नाही.

*

आपल्याकडे हा प्रश्न फक्त अपंगत्वाचा आहे असं वाटत असेल, तर २०२० आठवून बघा. त्या वर्षी महाराष्ट्रात कृषी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा आला. पोरं भडकली, बातम्या झाल्या आणि असा उल्लेख राहणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं. पुढच्या वर्षी मदुराईतल्या एका बँक-भरतीच्या जाहिरातीत '२०२१ मध्ये पास झालेले पात्र नाहीत' असं छापलं गेलं. बँकेने नंतर ती छपाईची चूक असल्याचं सांगितलं. पण त्या बॅचच्या पोटात गोळा यायचा तो आलाच.

'प्रमोटेड' हे खोटं होतं का? नव्हतं. परीक्षा झाली नव्हती, हे जगाला माहीत होतं. तरीही आपल्याला तो शेरा नको होता. परीक्षेबद्दलचं एक वाक्य जन्मभर आपल्याबद्दलचं वाक्य म्हणून वाचलं जाणार, हे आपल्याला एका क्षणात समजलं होतं. माझ्या भावाला ते दहावीतच समजलं होतं आणि मी त्याच्यावर चिडले होते.

आता माझी गोष्ट, जी मी त्याला सांगितलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी ट्रेनीच्या जागांसाठी ढिगाने अर्ज आले होते. संध्याकाळपर्यंत यादी द्यायची होती. एका मुलीच्या मार्कशीटवर एका विषयापुढे '@' होतं. म्हणजे ग्रेस मार्क. बाकी सगळं ठीक होतं, दुसऱ्या एका अर्जाच्या तोडीस तोड. मला दोघांतून एक निवडायचा होता. मी तिचा अर्ज बाजूला ठेवला. दहा सेकंदही लागले नसतील.

मला '@' ओळखता येतं, कारण माझ्या बीकॉमच्या मार्कशीटवरही ते आहे. अकाउंट्समध्ये तीन मार्क कमी पडले होते. त्या सेमिस्टरला बाबा आयसीयूत होते. माझ्या मुलाखतीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मला बघणारा माणूस कदाचित दमलेला असेल, कदाचित भला असेल. त्या मुलीला बघणारी मी होते.

तिचं त्या सेमिस्टरला काय झालं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. कागद वाचायला बसलेल्या माणसाला शेरा ही विचारण्याची सुरुवात वाटायला हवी. मला तो उत्तर वाटला, कारण उत्तर वाटणं सोयीचं होतं.

*

म्हणून 'शेरे काढून टाका' एवढं म्हणून माझं समाधान होत नाही. जर्मन न्यायालयाचं म्हणणं मला पटतं: मोजमापात बदल झाला असेल तर सांगा, पण जिथे जिथे झाला तिथे सगळीकडे सांगा. माझी त्यात एक भर आहे. सांगायचं ते मोजमापाबद्दल सांगा. 'शुद्धलेखन तपासलेलं नाही' हे परीक्षेबद्दलचं वाक्य आहे. 'डिस्लेक्सियामुळे' हा पुढचा शब्द माणसाच्या शरीरात शिरतो आणि तिथे शिरायची प्रमाणपत्राला गरज नसते. जादा वेळेसारख्या गोष्टींत तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

तरी एक काटा राहतोच. सगळ्यांवर सारखे शेरे मारले, निदान वगळलं, तरी वाचणारे आम्हीच असणार. शुद्धलेखन न तपासलेला मुलगा आणि संध्याकाळपर्यंत यादी द्यायची असलेली मी. यावर कुठल्याही न्यायालयाचा इलाज चालणार नाही.

'सवलत घ्यायची की नाही, हे विद्यार्थ्याने ठरवावं, शेरा नको असेल तर सवलत घेऊ नये,' असा एक युक्तिवाद असतो. ऐकायला न्याय्य वाटतो. पण ठरवायचं असेल तर किंमत आधी कळायला हवी. माझ्या भावाला ती कुणी सांगितली नाही. "असेल काहीतरी बारीक चिन्हबिन्ह" एवढ्या माहितीवर एका पंधरा वर्षांच्या मुलाने आपले मार्क सोडून दिले. त्याने निवड केली असं मी म्हणणार नाही, तो घाबरला होता. आणि आता मला माहीत आहे की तो उगाच घाबरला नव्हता.

तो आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरताना त्याने पुन्हा तेच विचारलं. "ताई, या वेळी लिहून येईल का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, पण अंदाजाने काही ठरवायचं नाही. आम्ही दोघांनी बसून कॉलेजला पत्र लिहिलं. कोणती सवलत घेतली तर मार्कशीटवर नेमकं काय छापलं जाईल, शब्दशः कळवा. पत्रात दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं. मी दुरुस्त करायला गेले तर तो म्हणाला, राहू दे.

आम्ही पोच घेतली आहे. उत्तर यायचं आहे.