३१० चा तोटा

‘अहो, तो मार्गच तोट्यात आहे, काय करणार?’ हे वाक्य या आठवड्यात पुन्हा ऐकलं आणि डोकं तापलं. बोलणारे गृहस्थ शिकलेले, मुंबईवर जीव असलेले. संध्याकाळी बीकेसीतून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, कुर्ला स्थानकाकडे निघालेली गर्दी त्यांना माहीत आहे, ३१० क्रमांकाच्या बसची रांगही माहीत आहे. पण ‘तोटा’ म्हटलं की त्यांच्या लेखी विषय संपतो.

बाकीच्या सबबींशी माझं भांडण नाही. कोंडी आहे, ती खरीच आहे. मेट्रो तीन आली, चांगलं झालं. तिचं स्थानक कुर्ल्यात नाही एवढंच. तोट्याची सबब मात्र मी सोडणार नाही. ती हिशेबाचा आव आणते, आणि हिशेब म्हटला की भले भले गप्प बसतात.

मग हिशेबच करू. सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. खर्च सुमारे १४ हजार कोटी रुपये, आणि टोल नाही. त्या रस्त्याला आजवर कुणी विचारलं का, तू नफ्यात आहेस की तोट्यात? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान मोटारींचा टोल माफ झाला. बुडालेलं उत्पन्न सरकारी तिजोरीच्याच माथी. त्याला ‘दिलासा’ म्हटलं गेलं. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, मे २०२५ मध्ये, बेस्टचं, म्हणजे शहराच्या बससेवेचं, किमान भाडं ५ रुपयांवरून १० वर गेलं आणि वातानुकूलित गाडीचं ६ वरून १२ वर. मोटारवाल्याला दिला तो दिलासा आणि बसवाल्यावर खर्च केला तो तोटा, ही वाटणी कोणत्या हिशेबात बसते? महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यात बेस्टसाठी तरतूद १,००० कोटींची. म्हणजे शंभर रुपयांतला दीड रुपयाही नाही. रोज पंचवीस लाखांच्या आसपास माणसं ज्या सेवेवर अवलंबून आहेत, तिच्यासाठी.

पूर्वी हा प्रश्न असा अंगावर येत नव्हता. बेस्टमध्ये वीज आणि बस एकाच घरात नांदत होत्या, विजेची शिल्लक बसची तूट भरून काढत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट अरुंद होत गेली आणि पुढे बंद झाली. तेव्हाच शहरानं ठरवायला हवं होतं की आता हा भार करातून, उघडपणे, आपण सगळे उचलू. ते कुणी ठरवलं नाही. उलट गाड्या कमी होऊ दिल्या.

आणि तोटा तयार कसा होतो तेही पाहा. जुन्या गाड्या भंगारात जातात, नव्या येत नाहीत. फेऱ्या घटतात. दहा मिनिटांनी येणारी बस अर्ध्या तासाने येऊ लागते. ज्याला कामावर हजेरी लावायची आहे तो किती दिवस थांबेल? तो शेअर रिक्षात बसतो, बसच्या कितीतरी पट पैसे मोजतो. मग कागदावर प्रवासी घटल्याचं दिसतं आणि मार्ग तोट्यात असल्याचा पुरावा मिळतो. त्या पुराव्यावर आणखी दोन फेऱ्या कापल्या जातात. आधी माणसाला बसमधून उतरवायचं आणि मग बस रिकामी असल्याची तक्रार करायची, याला मी अप्रामाणिकपणा म्हणतो. थांब्यावर गेलेल्या वेळेची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. कार्यालयं झाडणाऱ्या बाईचा लेट मार्क, कापलेला अर्धा दिवस, घरी वाट पाहणारं पोर, यांचा रकाना ताळेबंदात नसतोच.

एकेकाळी बेस्टकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या राखू, असा शब्द २०१९ मध्ये कामगारांना दिला गेला. आज स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. बाकीचा डोलारा भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर उभा आहे आणि त्यातले काही ठेकेदार न परवडल्याचं सांगून मध्येच निघून गेले. तोटा वाचवायला केलेल्या व्यवस्थेतही तोटाच निघाला, फक्त तो थांब्यावरच्या माणसाच्या अंगावर गेला. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात याच व्यवस्थेतल्या ३३२ क्रमांकाच्या बसखाली माणसं चिरडली गेली, तेव्हा चालकाला प्रशिक्षण किती मिळालं होतं हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. तो आधी विचारायचा असतो. प्रशिक्षणालाही पैसे लागतात.

बसथांब्यांबद्दल मी या स्तंभात पूर्वीही लिहिलं आहे आणि पुन्हा लिहिणार आहे. जाहिरात पुरुषभर उंचीची आणि मार्गक्रमांक हातभर पाटीवर, हे मला सहन होत नाही. बसच्या कपाळावरचा देवनागरी आकडा ही मुंबईची ओळख. तो लांबून ठळक दिसलाच पाहिजे. वेळापत्रकही तिथेच हवं. गाडी कधी येणार हे न सांगता माणसाला उभं करणं हा त्याचा अपमान आहे, आणि तरीही मुंबईकर रांग मोडत नाही. या शिस्तीचा गैरफायदा घेतला जातो आहे असं माझं मत आहे. रांग मोडली असती तर कदाचित लवकर दखल घेतली गेली असती.

अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली. त्या गोष्टीची शताब्दी होत असताना आगारांच्या जमिनींवर इमले उठवून पैसा उभा करण्याच्या योजना चर्चेत आहेत. जागा विकसित करा, पण गाड्या उभ्या करायला, चार्जिंगला आणि दुरुस्तीला जागा उरणार नसेल तर त्या पैशातून घेतलेल्या बस ठेवणार कुठे? ३१० सारख्या मार्गाला भविष्य द्यायचं तर बीकेसीत गर्दीच्या वेळी एक मार्गिका बससाठी राखून ठेवा. ठेकेदाराला किलोमीटर मोजून पैसे देता, तसेच वेळेवर सुटलेल्या फेऱ्या मोजून द्या. प्रत्येक मार्गावर ठरलेल्या किती फेऱ्या झाल्या आणि किती रद्द झाल्या, हे दर महिन्याला थांब्यावर लावा, जाहिरातीच्या जागी. मार्ग तोट्यात आहे असं ज्यांना तरीही वाटतं, त्यांनी तो महिनाभर संध्याकाळी सहा वाजता वापरावा आणि मग आकडे घेऊन यावं. मी बोलायला तयार आहे.