आमची जमीन, त्यांचं छत

गिरगावातल्या चाळीत आमची जी जमीन, तेच खालच्या काकांचं छत होतं. मधे सागवानी फळ्या आणि फळ्यांमधे फटी. आता, फट नेमकी कोणाची? वरून पाहिली तर आमची, कारण आमची पावली तिच्यातून जाई. खालून पाहिली तर काकांची, कारण आमच्याकडे केरसुणी फिरली की त्यांच्या वरणावर धूळ उतरे. काका माणूस मोठा न्यायी. पडलेली पावली जिन्याने वर परत येई. धूळ तेवढी ते ठेवून घेत.

१९७८ च्या फेब्रुवारीत माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. (खरं म्हणजे काकूंनी ती जिन्यात उभं राहून जागी केली.) मी स्वहस्ते साऱ्या फटींत लांबी ठासली आणि पापमुक्त झालो. जुलैत दोन फळ्या फुगून वर उचलल्या गेल्या आणि सुटलेली लांबी थेट काकांच्या ताटात पडली. तीही आषाढीच्या साबुदाण्यात!

सुतारमिस्त्री आला. म्हणाला, "साहेब, लाकूड लांबीत वाढत नाही."

"अहो, लांबीतच तर वाढलंय!"

मग त्याने समजावलं. फळी पावसाळ्यात दमट हवेने रुंदीत फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. हिवाळ्यात दिसते ती सगळी फट रिकामी नसते, त्यातली थोडी पावसाळ्याने राखून ठेवलेली असते. केसभर फटीला हात लावू नये. रुंद फटीत सागाचीच पट्टी बसवावी, पण सरस एकाच कडेला लावावा. दोन्हीकडे चिकटवली तर कुठे तरी तडकणारच. आणि नवी जमीन करायची तर फळ्या आधी काही दिवस त्याच खोलीत मुरू द्याव्यात, भिंतीकडेला थोडी जागा सोडावी.

ऐकता ऐकता मी ओशाळलो. दुसऱ्याचा त्रास थांबवणं आणि आपल्या मनाची टोचणी थांबवणं, या दोन गोष्टी मी एकच समजलो होतो. टोचणी एका रविवारात बुजवता येते. त्रासाला ऋतू पाहावे लागतात. आणि ज्याला त्रास होतो त्याला विचारावं लागतं. तेच राहून गेलं होतं.

खाली जाऊन विचारलं. काका म्हणाले, "आम्ही जेवायला बसलो की झाडू नका. बास."

पट्ट्या बसल्या, केरसुणीची वेळ बदलली. मिस्त्रीने न बुजवलेल्या एका फटीतून पुढच्याच आठवड्यात पावली गेली. ती परत आणून द्यायला या वेळी काकू आल्या.