माईक कुणाचा?

माझा भाचा भूमला राहतो. बापाची खव्याची भट्टी, आणि पोरगा संगणकावरच्या खेळांत बुडालेला. ईदला सगळे जमलो असताना, शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर, तो मला म्हणाला, "मामू, तुम्ही लोक अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर एवढं लिहिता. आमच्या खेळातल्या पोरांनी २०१९ मध्ये त्यावरून केवढं रान उठवलं होतं, तुम्हाला पत्ता तरी आहे का?" मला नव्हता. त्याने सांगितलेली हकीकत मी नंतर पडताळून पाहिली.

हाँगकाँगचा एक तरुण खेळाडू, 'ब्लिट्झचंग' या नावाने खेळणारा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीच्या स्पर्धेत त्याने सामना जिंकला. मुलाखतीला तो तोंडावर मुखवटा चढवून बसला आणि हाँगकाँगच्या मुक्तीची घोषणा दिली. त्या दिवसांत त्याच्या शहरात रस्त्यावर अश्रुधूर होता. कंपनीने त्याला वर्षभर स्पर्धेबाहेर काढले, बक्षिसाची रक्कम रोखली, आणि मुलाखत घेणाऱ्या दोघा निवेदकांचे कामही काढून घेतले. कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीसमोर एक पुतळा आहे. त्याच्या पायाशी प्रत्येक आवाज मोलाचा असल्याचे कोरलेले आहे. कुणीतरी त्या अक्षरांवर कागद चिकटवला. खेळणाऱ्यांनी बहिष्काराची हाक दिली. काही दिवसांतच कंपनीने शिक्षा सहा महिन्यांवर आणली आणि रक्कम परत केली. नोव्हेंबरात अॅनाहाइमला कंपनीचा वार्षिक जलसा भरला. सभागृहाबाहेर चाहते छत्र्या घेऊन उभे होते आणि आत अध्यक्ष जे. ॲलन ब्रॅक व्यासपीठावरून माफी मागत होते. शिक्षा मात्र कायम राहिली.

मला वाटले, भाचा त्या छत्रीवाल्यांच्या बाजूचा असेल. तो नव्हता. तो म्हणाला, "मामू, दिवसभर बाहेर आम्ही मुसलमान असतो. कॉलेजात, बसस्टँडवर, भाड्याची खोली बघायला गेलं तरी. खेळात शिरलो की फक्त खेळाडू असतो. तिथंही घोषणा सुरू झाल्या, तर उद्या कुणी आपल्याच विरुद्ध देईल. मग?"

'खेळात राजकारण नको' हे वाक्य मी आजवर सुखवस्तू माणसाचे समजत आलो होतो. या पोराच्या तोंडी ते आसऱ्याचे वाक्य होते. त्याचा 'मग?' आजही मला पुरता सुटलेला नाही. एवढेच म्हणता येईल, की ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला जाब विचारणे आणि जो आधीच कोपऱ्यात आहे त्याला आणखी रेटणे, ही दोन्ही एकाच तागडीत तोलता येत नाहीत. पण ही सीमा आखणार कोण? माईक ज्याच्या मालकीचा, त्याने ती आखली तर ती नेहमी त्याच्या सोयीची निघते.

गंमत पुढेच आहे. ब्लिझर्ड ज्या समूहात होती, तो २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पन्नाशीच्या समारंभात दोघी तरुण कर्मचारी उभ्या राहिल्या आणि गाझातल्या युद्धासाठी इस्रायली लष्कराला कंपनीचे तंत्रज्ञान पुरवले जाते, असे भर सभेत सुनावले. दोघींच्या नोकऱ्या गेल्या. ते चित्रण मला मोबाईलवर पहिल्यांदा पाठवले कुणी? याच भाच्याने. खाली लिहिले होते, 'शाब्बास!' मी विचारले, आता खेळाडूच्या आसऱ्याचे काय? तो हसला. "ते वेगळं, मामू."

मी त्याला चार शब्द सुनावणार होतो. तेवढ्यात मला माझाच एक प्रसंग आठवला.

आमची एक छोटी समिती आहे, नाव सांगत नाही. दरवर्षी निबंधस्पर्धा घेतो. काही वर्षांपूर्वीच्या बक्षीस समारंभात पहिली आलेली मुलगी मंचावर आली. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मीच तिला म्हणालो, "बेटी, दोन शब्द बोल." ती बोलली. वक्फच्या जमिनीचे भाडे जाते कुठे, आणि त्यातून मुलींसाठी एक वसतिगृह का उभे राहत नाही, असे तिने विचारले. समोर पहिल्या रांगेत ज्यांनी उत्तर द्यायला हवे होते ते बसले होते. बक्षिसांची रक्कमही त्यांचीच. मी पुढे झालो, माईक हातात घेतला आणि म्हणालो, "विषयाला धरून बोलू या." टाळ्या झाल्या. ती खाली उतरली.

हे वाक्य माझे नाही, सगळ्या यजमानांचे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. त्यांनी सरकारच्या कला-धोरणावर टीका करताच त्यांना मधेच थांबवून विषयावर बोलायला सांगण्यात आले. तेव्हा मी संतापून एक पत्र लिहिले होते. त्याआधी महिनाभर यवतमाळच्या साहित्य संमेलनाने नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले आणि काही श्रोत्या त्यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून मंडपात बसल्या, तेव्हाही मला अभिमान वाटला होता. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२० मध्ये, आमच्याच जिल्ह्यात उस्मानाबादला संमेलन भरले. अध्यक्ष ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना विरोध झाला, तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने बोललो. दुसऱ्याच्या मंडपात मी नेहमी बोलणाऱ्याच्या बाजूला असतो. माईक माझ्या हातात होता तेव्हा मला कार्यक्रमाची वेळ दिसली, पाहुण्यांचा चेहरा दिसला, पुढच्या वर्षीच्या देणगीची काळजी दिसली.

यजमानाला हक्क नसतोच, असे मी म्हणत नाही. निकाहाच्या मंडपात कुणी भाषण ठोकू लागला तर त्याला हाताला धरून बसवावेच लागते. पण मी तिला 'बोल' म्हटले होते. त्या कंपनीनेही खेळाडूला मुलाखतीला बसवले होते. बोलावून बसवलेल्या माणसाकडून फक्त आभारच ऐकायचे असतील, तर ते आधी सांगावे.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ मोबाईल उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "त्या पोरीला सांगितलं का?"

नाही सांगितले. ती आता संभाजीनगरला शिकते, नातेवाइकांकडे राहून. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत मी एक ओळ घातली आहे : श्रोत्यांचे प्रश्न, वीस मिनिटे. समितीच्या बैठकीत तिच्यावर अजून एकमत झालेले नाही.