न ठरविलेला रविवार

ठरलेले काम बाजूला सारून मित्राबरोबर समुद्रावर निघून जाणे, यात काही गैर आहे का? प्रश्न ऐकायला फारच किरकोळ वाटतो. एका दिवसाच्या भटकंतीचा एवढा ऊहापोह कशाला, असेही कुणी म्हणेल. परंतु आपल्या आयुष्यातील बहुतेक नैतिक प्रश्न अशाच किरकोळ वेषात दाराशी येऊन उभे राहतात. खून करू नये, चोरी करू नये, हे ठरविण्यासाठी आपल्याला डोके खाजवावे लागत नाही. एकाला दिलेला शब्द आणि दुसऱ्याची गरज यांची गाठ पडते तेव्हा मात्र दहा आज्ञा तोंडपाठ असूनही आपली पंचाईत होते. माझी अशी पंचाईत २०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील एका रविवारी झाली.

आमची महाडची औद्योगिक वसाहत मुख्यतः रसायनांच्या कारखान्यांची. रसायनाची प्रक्रिया एकदा सुरू झाली की तिला वार कळत नाही. म्हणून इथे तीन पाळ्या चालतात आणि साप्ताहिक सुट्टी ज्याच्या त्याच्या वाट्याला येईल त्या वारी येते. माझा मित्र अशाच एका कारखान्यात ऑपरेटर आहे. तो पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरवाडीचा, हिंदू. मी वसईकडून पोटासाठी इथे आलेला. गेली पंधरा वर्षे आम्ही एकमेकांचे डबे खात आलो आहोत.

त्या रविवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास तो रात्रपाळी संपवून थेट आमच्या दारात आला. चहासाठी बसलासुद्धा नाही. हेल्मेट हातातच धरून म्हणाला, “चल रे, समुद्रावर जाऊन येऊ.”

“आज?”

“आज. आत्ताच.”

मिस्सा संध्याकाळी होती. ती चुकणार नव्हती. पण दर रविवारी दहा वाजता वसाहतीतील पाच-सहा कॅथलिक कुटुंबांची मुले माझ्याकडे धर्मशिक्षणासाठी येतात. करोनामुळे दीड-पावणेदोन वर्षे बंद राहिलेला हा वर्ग तेव्हा कुठे पुन्हा सुरू झाला होता. दोघा मुलांची पहिल्या कम्युनियनची तयारी चालू होती. “पुढच्या रविवारी जाऊ,” असे शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. तेवढ्यात पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, “तुम्ही जा. मुलांना मी सांगते. त्यांच्या तोंडाकडे पाहिलंत का?”

मी पाहिले नव्हते. मी घड्याळाकडे पाहत होतो.

दासगाव, लोणेरे मागे टाकून आम्ही मोटारसायकलवरून म्हसळ्याकडे वळलो आणि दोन-अडीच तासांत हरिहरेश्वर गाठले. रात्रभर जागलेला तो, म्हणून गाडी मी चालविली. देवळाकडे रविवारची गर्दी होती. ती टाळून आम्ही खाडीच्या तोंडाकडील बाजूला जाऊन बसलो. समोर बाणकोटचा किल्ला दिसतो, आणि दोहोंच्या मधून सावित्री समुद्राला मिळते. महाबळेश्वरी उगम पावून, पोलादपूर-महाडवरून वाहत येणारी ही आमचीच नदी. तासभर तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही. मग तो म्हणाला, “डोंगर दिसणार नाही असं ठिकाण पाहिजे होतं मला. आपल्याकडे कुठंही बसा, डोंगर समोर येतोच.”

वाचकांना २२ जुलै २०२१ चा दिवस आठवत असेल. त्या दिवशी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील वाड्यांवरही दरडी आल्या. अशाच एका वाडीत माझ्या मित्राच्या आत्याचे घर होते. चार दिवस त्याने इतरांबरोबर चिखल उपसला. काय काय हाती लागले ते त्याने कुणालाही सांगितले नाही. पुढे कारखाना सुरू झाला आणि तो कामावर रुजू झाला. त्याला आता सात महिने होत आले होते.

“रात्री पंप सुरू झाला की पायाखालची लादी थरथरते,” तो म्हणाला. “मला वाटतं, आला डोंगर. घाम फुटतो. घरी सांगितलं तर ती घाबरेल. कारखान्यात सांगितलं तर म्हणतील, याला रात्रपाळी झेपत नाही. काल रात्री वॉल्व्हवर हात ठेवून मी नुसता उभा होतो. कोणता फिरवायचा ते आठवेना.”

रसायनांच्या कारखान्यात चुकीचा वॉल्व्ह फिरणे म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही सांगावे लागत नाही.

हे सारे त्याने मला आमच्या घरी चहाच्या कपाबरोबर सांगितले असते का? मला तसे वाटत नाही. काही गोष्टी बोलायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजून दिलेला असून चालत नाही. समोरचा माणूस घड्याळ पाहतो आहे हे लक्षात आले की दुःख तोंड मिटून घेते. रिकामा वेळ हा आळसाचा भाऊ आहे असे आपल्याला लहानपणापासून शिकविले गेले; पण याच रिकाम्या वेळात एक माणूस दुसऱ्याला ऐकू येतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात विरंगुळ्याचा विचार करताना संत योहानाविषयीची एक जुनी आख्यायिका दिली आहे. वृद्ध योहानाला शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला लावले आणि विचारले, तुला हे न थांबता करता येईल का? तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हा त्या कथेचा बोध. थॉमस यांच्या मते योग्य प्रमाणातील विरंगुळा हाही सद्गुणाचाच भाग होय. १९८३ च्या धर्मविधानातील १२४७ वे कलमही हेच सांगते. रविवारी मिस्सात सहभागी व्हावे एवढ्यावर ते थांबत नाही. शरीराला व मनाला जो विसावा मिळायला हवा, त्याच्या आड येणारी कामे टाळावीत असेही त्यात म्हटले आहे.

मात्र हा विसावा केवळ आपल्यापुरता मागता येत नाही. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा येते तेव्हा तिच्यात दास आहेत, दासी आहेत, परका आहे, बैल आणि गाढवसुद्धा आहे. त्याचे कारणही तिथेच दिले आहे: इस्राएल लोक स्वतः एके काळी मिसर देशात दास होते. ज्याने वेठबिगार सोसली त्याने दुसऱ्याचा विसावा हिरावून घेऊ नये. आपल्या महाराष्ट्रात ही आज्ञा कामगारांच्या पदरात पाडण्यासाठी झटले ते सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. रविवार हा खंडोबाचा वार, हाही एक आधार त्या मागणीला होता. पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या रविवारच्या विसाव्याचा पुरस्कार केला तो त्यानंतर वर्षभराच्या आतच, मे १८९१ मध्ये. आपण रविवार आपला मानतो. पण आपल्या गावच्या कष्टकऱ्याला तो मिळवून देण्यात खंडोबाच्या भक्तांचा वाटा मोठा आहे, याची कृतज्ञ आठवण ठेवायला हवी.

आणि आजही तो सर्वांना मिळालेला नाही. त्या दुपारी एका घरगुती खानावळीत आम्ही भात आणि सुरमईचे कालवण जेवलो. वाढणाऱ्या बाईंना मी सहज विचारले, “तुम्हाला सुट्टी कधी?” त्या हसून म्हणाल्या, “पाऊस लागला की.” आमचा रविवार त्यांच्या रविवारावर उभा होता. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

तिथे बसलो असताना मला संत योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आठवत राहिला. येरुशलेममधील त्या भयंकर दिवसांनंतर पेत्र एकाएकी म्हणतो की मी मासे धरायला जातो, आणि बाकीचे सहा जण लगेच त्याच्याबरोबर निघतात. आधी काही ठरलेले नव्हते. पेत्र आपले कर्तव्य सोडून जुन्या धंद्याकडे वळला, अशी टीका मी प्रवचनांतून ऐकली आहे. ती खरीही असेल. पण पेत्राच्या मनात काय चालले असेल? कोळशाच्या शेकोटीपाशी त्याने तीनदा आपल्या गुरूला नाकारले होते. असा माणूस खोलीत किती दिवस बसून राहील? त्याला पाण्यावर जावेसे वाटले. आणि बाकीच्यांनी त्याला ‘आज नको’ म्हटले नाही. रात्रभर जाळी रिकामीच राहिली. तरी ते त्याच्याजवळ होते.

पहाटे किनाऱ्यावर प्रभू उभा असतो. तो रागावत नाही. निखाऱ्यावर मासे भाजलेले असतात, भाकर असते. आधी तो त्यांना खाऊ घालतो. त्यानंतर पेत्राला तीन वेळा प्रेमाचा प्रश्न विचारतो, आणि तिन्ही वेळा मेंढरे त्याच्या हाती सोपवितो. या क्रमाला अर्थ आहे. आधी विसावा, मग जखमेला स्पर्श, मग काम. किनारा हा पेत्राच्या प्रवासाचा शेवट नाही. तिथून त्याला मेंढरांकडे परत जायचे आहे.

मलाही परत जायचे होते. संध्याकाळच्या मिस्साला मी वेळेवर पोहोचलो. तिथे पत्नीने सांगितले की वर्ग नसल्याचे निरोप सर्वांना गेले, फक्त एका घरी फोन लागला नाही. कम्युनियनच्या तयारीतील एक मुलगा वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाकडून सायकल चालवीत आला. दहा दिवस घोकून त्याने पश्चात्तापाची प्रार्थना पाठ केली होती. ती म्हणून दाखवायला सर नाहीत हे पाहून तो काही न बोलता परत गेला.

इथे माझ्या प्रश्नाचे सोपे उत्तर संपते. मित्राबरोबर गेलो हे मी चांगलेच केले, याविषयी मला आजही शंका नाही. पण चांगले केले म्हणून त्या मुलाचे देणे फिटले असेही नाही. येशूने शब्बाथाच्या दिवशी माणसाला बरे केले तेव्हा नियमापेक्षा माणूस मोठा ठरला. परंतु माझ्या बाबतीत दोन्ही बाजूंना माणूसच होता. एकाचा जीव टांगणीला लागला होता, दुसऱ्याचा हिरमोड झाला. दोन्ही दुःखे सारखी नव्हेत, म्हणून निवड करता आली. पण ज्याची गरज लहान त्याला दिलेला शब्द आपोआप रद्द होत नाही. तो मोडावा लागला तर मोडला असे म्हणावे, आणि त्याची भरपाई करावी. उत्स्फूर्तपणाचे कौतुक करताना आपण एवढेच विसरतो की त्याची किंमत बहुधा घरात राहिलेल्या कुणीतरी भरलेली असते. माझ्या बाबतीत ती पत्नीने भरली, त्या मुलाने भरली, आणि खानावळीतील बाईंनीही भरली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईवडिलांसमोर त्याला म्हणालो, “काल मी तुला दिलेला शब्द पाळला नाही. मला क्षमा कर.” वडील अवघडले. मुलाने क्षणभर विचार करून विचारले, “तुमचा मित्र आजारी होता का?” मी हो म्हटले. “बरा झाला का?” मी म्हटले, “अजून नाही.” मग त्याने उभे राहून आपली प्रार्थना न अडखळता म्हणून दाखविली. पश्चात्ताप माझा आणि प्रार्थना त्याची, असा तो प्रसंग होता.

मित्राला मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेले. त्याने रात्रपाळीबद्दल वरिष्ठांशी बोलावे म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. काही महिने त्याला दिवसपाळी मिळाली. औषधे चालली, हळूहळू झोप आली. समुद्राने त्याला बरे केले असे मी म्हणणार नाही. समुद्रावर तो बोलला. बरे होण्याची सुरुवात तिथून झाली.

परतताना तो म्हणाला होता, “पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन येऊ.” तसे आम्ही आलोही, दोन्ही घरची माणसे, पुष्कळ आधी ठरवून, डबे बांधून. तो मुलगाही आमच्याबरोबर होता. मजा आली. पण माझ्या आठवणीत राहिला आहे तो पहिला, न ठरविलेला रविवार. वाचकहो, तुमच्याही दारात कधी कुणी हेल्मेट हातात धरून उभा राहील. तो समुद्र म्हणेल, सिनेमा म्हणेल, किंवा नुसतेच ‘चल’ म्हणेल. घड्याळाकडे पाहण्याआधी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. जायचे ठरले तर जा. आणि ज्याला दहाची वेळ दिली होती, त्याच्या घरीही दुसऱ्या दिवशी जाऊन या.