आक्काचे नाव

भाद्रपदात पितरांची नावे घेताना बाप, आजा, पणजा एवढे आम्हांला पाठ. पुढे जीभ अडखळते. आमच्या घरी एक बालविधवा आत्या होती. चाळीस वर्षे तिने चूल सांभाळली, साऱ्यांची बाळंतपणे काढली. गेल्या पितृपंधरवड्यात तिचे खरे नाव कोणालाच सांगता येईना. सगळे आक्काच म्हणत. दिवसभर नाम घेणाऱ्या वारकऱ्यांच्या घरची ही गत!

पंढरीस महाद्वारी नामदेव पायरी आहे. १३५० साली नामदेवराय कुटुंबासह तेथे समाधिस्थ झाले, त्यांत दासी जनाबाईही होती, असे परंपरा मानते. रक्ताचे नाते नाही, तरी घरात मोजली. आक्का तर रक्ताची. मग नाव विसरले ते माणूस आपले नव्हे काय?

यंदा आषाढीला उपाध्यायांची वही उघडवली. तीत पुरुषांचीच नावे. शेवटी ‘आक्का’ एवढेच लिहवून घेतले.