दुरुस्त करण्याआधी किती कळायला हवं?

कॉम्प्युटर सुरू केला की ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी बूटलोडर जागा होतो. डिस्कवरचा कर्नल वाचायचा, तर त्या पार्टिशनवर कोणती फाइलसिस्टिम आहे हे त्याला आधी ओळखावं लागतं. जुन्या पार्टिशन टेबलात प्रत्येक पार्टिशनसमोर प्रकाराचा क्रमांक असतो. पण ७ हा क्रमांक एनटीएफएसचाही असतो आणि एक्सफॅटचाही. आडनावावरून माणूस ओळखण्यासारखंच हे. म्हणून लिनक्समध्ये सर्रास वापरला जाणारा ग्रब आत डोकावून खूण तपासतो. माहितीतली एकही फाइलसिस्टिम जुळली नाही, तर सरळ सांगतो: अननोन फाइलसिस्टिम.

ईएक्सटी४ असेल, तर पहिले १०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक सुरू होतो. त्यात ओळखीची खूण असते आणि फाइलसिस्टिमच्या वैशिष्ट्यांच्या तीन याद्याही. उद्या कोणी नवं वैशिष्ट्य जोडलं आणि जुन्या कर्नलला ते कळलं नाही, तर त्याने काय करायचं, हे या याद्या ठरवतात. पहिल्या यादीतलं कळलं नाही? चालेल, नेहमीसारखं माउंट कर. दुसरीतलं? फक्त वाच, लिहू नकोस. तिसरीतलं? हात लावू नकोस.

बिघडलेली फाइलसिस्टिम दुरुस्त करणाऱ्या ई२एफएससीकेला मात्र पहिल्या यादीचीही सवलत नाही. कुठेही अनोळखी वैशिष्ट्य दिसलं की तो थांबतो. कारण जी रचना कळलेली नाही, ती त्याला बिघाड वाटू शकते.

म्हणजे सोबत राहायला थोडं कळलं तरी पुरतं, सुधारायला मात्र सगळं कळावं लागतं. आपण नेमकं उलट करतो. घर भाड्याने देताना जात, जेवण, पगार सगळं विचारतो. पण डावखुऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल उजव्या हातात देताना, अबोल भाचीला ‘बोलती’ करताना, लग्न नको म्हणणाऱ्याला स्थळं पाठवताना काहीच विचारत नाही. आपल्याला न कळलेलं ते बिघडलेलं, हे आपण धरूनच चालतो.

मग कुणी कुणाला सुधारूच नये का? घरात मारहाण चालली असेल, तर ‘मला पूर्ण कळलेलं नाही’ म्हणून गप्प बसणं हा पळपुटेपणा आहे. तिथे इजा डोळ्यांसमोर असते, तिला आधी थांबवायलाच हवं. माझा प्रश्न आहे तो जिथे इजा दिसत नाही, फक्त वेगळेपण दिसतं, तिथला.

तिथे ई२एफएससीके काय करतो ते पाहण्यासारखं आहे. तो डिस्क खराब आहे असं म्हणत नाही. माझी नवी आवृत्ती आणा, असं सांगतो.