आजारी लेंकराशीं खरें बोलावें काय?

दुखण्यानें खंगलेलें लेंकरूं आईस विचारतें, “मला काय झालें आहे?” आई तोंड फिरवून म्हणते, “कांहीं नाहीं, बाळा. लवकर बरा होशील.” ह्यास प्रीति म्हणावें कीं असत्य? मुलास कर्करोग झालेलीं घरें आपल्या मंडळ्यांतही आहेत, म्हणून हा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

अशीं कुटुंबें खेड्यांतून मुंबईस जातात. परळचें टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 सालीं उघडलें. आज त्याच्या दारीं सर्व देशांतून माणसें येतात. कोणास दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत जागा मिळते. सेंट ज्यूड ही संस्था 2006 पासून आजारी मुलांस व त्यांच्या आईबापांस मोफत बिऱ्हाड देते. कित्येक फुटपाथावरच पथारी टाकतात. आणि ज्यांचा कोणी नातलग आहे तीं भाईंदरच्या जेसल पार्कासारख्या दूरच्या वस्तींत उतरतात. तेथून पहाटेच्या लोकलनें, तोंडावर मास्क बांधलेलें मूल मांडीवर घेऊन, दादर गांठावयाचें. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षें चालतो. तोंवर बाप गांवीं शेत सांभाळतो आणि आई येथें एकटी.

जेसल पार्कांत खाडीजवळच्या अशाच एका खोलींत आम्ही प्रार्थनेस गेलों होतों. आईनें आम्हांस दाराबाहेरच थांबवून विनविलें, “पाळकसाहेब, त्याच्यासमोर आजाराचें नांव काढूं नका.” मुलगा आठ वर्षांचा होता. आई पाणी आणावयास उठतांच तो हळूच म्हणाला, “मला ठाऊक आहे. पण आईला सांगूं नका, ती रडते.”

हा त्या एकट्या मुलाचा अनुभव नव्हे. मायरा ब्लूबाँड-लँगनर ह्या अमेरिकन विदुषीनें रक्ताचा कर्करोग झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांत वावरून 1978 सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांस कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें, तरी तीं सर्व ताडीत. आणि वडील माणसांस दुःख होऊं नये म्हणून अजाणतेपणाचें सोंग घेत. म्हणजे एकाच खोलींत आई व मूल दोघेंही सोंग करीत आहेत, आणि दोघेंही एकटीं आहेत. मुलाचें रक्षण करावयास आणलेल्या असत्यानें त्याची सोबतच हिरावून घेतली.

स्वीडन देशांत कर्करोगानें ज्यांचें मूल गेलें अशा आईबापांस विचारलेली माहिती 2004 सालीं प्रसिद्ध झाली. मुलाशीं मरणाविषयीं बोललेले 147 जण होते. त्यांतील एकासही पस्तावा नव्हता. न बोललेल्यांपैकीं 258 जणांनीं ह्याविषयीं उत्तर दिलें, त्यांत 69 जणांस पस्तावा होता. बाकीच्यांस नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. तेव्हां ह्याचा नियम करून कोणाच्या मानेवर जूं ठेवूं नये.

शिवाय खरें म्हणजे मरणच, असें नव्हे. वेळेवर आलेलीं व उपचार पुरा केलेलीं पुष्कळ मुलें आज बरी होतात. मूल विचारील तितकेंच, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावें: सुई दुखेल, केस गळतील, ते पुन्हा येतील. “दुखणार नाहीं” असें म्हणून सुई टोचली, तर उद्यां आईच्या कोणत्या शब्दावर त्यानें विसंबावें?

पण आईस हें साधत नाहीं, कारण तिला स्वतःस रडावयास कोठें जागा नसते. शुनेमच्या त्या बाईचा वृत्तांत (2 राजे 4) वाचकांस ठाऊक आहे. मूल मांडीवर मेलें, तरी गेहजीनें वाटेंत खुशाली विचारतां तिनें सर्व ठीक असल्याचेंच सांगितलें. संदेष्ट्याचे पाय तेवढे धरले; आणि गेहजी तिला लोटूं लागला तेव्हां अलीशानें त्यास थांबविलें.

आपण बहुधा गेहजीचेंच काम करतों. कोणी म्हणतो, विश्वास कमी पडला. कोणी आईबापांचें पाप शोधतो, जणूं योहानाच्या नवव्या अध्यायांत प्रभूनें ही शंका खोडून काढलीच नाहीं. हा रोग शिवल्यानें लागत नाहीं, आणि बहुतेक मुलांत आईबापांच्या कोणत्याही कृत्यानें तो येत नाहीं. हें मंडळींत उघडपणें सांगितलें जावें. आई तपासण्यांमधून गांवीं येईल तेव्हां बायकांनीं तिच्याजवळ बसावें, बोध करूं नये. घरीं राहिलेल्या भावंडांकडेही कोणी पाहावें. आपण भांडलों म्हणून दादा आजारी पडला, असें एखादी धाकटी बहीण मनांत धरून बसलेली असते, आणि तिला तें कोणीं विचारलेलेंच नसतें.